अनुभव धागा: कामाच्या जागेच्या सवयी बाहेरून कोण लावतं?

कंपनीची 'मूल्यं' भिंतीवर असतात. रोजच्या सवयी मात्र वीज, गिऱ्हाईक आणि कायदा लावतात. आपापल्या क्षेत्रातलं लिहा. किस्से नकोत, तपशील हवेत.

फाउंड्रीवाला (धातू वितळवून साच्यात ओततो): विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण 550 ते 650 युनिट लागतात. महावितरणची वीजदरातली सवलत वर्षानुवर्षं रात्री 10 ते सकाळी 6 होती, म्हणून मेल्टिंग रात्री. साचे भरणारे दिवसपाळीचे, ओतणारे रात्रपाळीचे. ग्रीन सँडचा, म्हणजे ओलसर रेतीचा, साचा तासन्‌तास पडून राहिला की ओल उडते, कडा ठिसूळ होतात आणि कास्टिंगमध्ये रेती येते. दोष दिसतो सकाळी नॉकआउटला, म्हणजे साचा फोडताना, तेव्हा ओतणारे घरी झोपलेले. मोल्डर म्हणतो ओतायला उशीर झाला, ओतणारा म्हणतो साचाच कच्चा. साहेब याला 'लोकांची वृत्ती' म्हणतात. मूळ टॅरिफमध्ये, म्हणजे वीजदरात, आहे. साच्याच्या बॉक्सवर भरल्याची वेळ खडूनं लिहा आणि जुना बॉक्स आधी ओता, निम्मी भांडणं मिटतात. 2023च्या केंद्रीय नियमांनी स्वस्त वीज दिवसाच्या आठ सौर तासांकडे वळवली आहे. पाळ्या जुळतील खऱ्या, पण मे महिन्यात भर दुपारी भट्टीपाशी उभं कोण राहणार, हे बिलात येत नाही.

भोसरीकर: आमच्याकडे सुट्टी गुरुवारची, विजेचा भार वाटून घेण्यापायी पडलेली. मुलांची शाळा रविवारी बंद, त्यामुळे घरचे कार्यक्रम नेहमी अर्ध्या रजेवर. मेंटेनन्सवाल्यांचा खरा कामाचा दिवस गुरुवारच.

हिंजवडी, उशिरा: न्यूयॉर्कची सकाळी 10ची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी 7:30ला, हिवाळ्यात 8:30ला. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, लंडनचं शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडचे क्लायंट असलेल्या टीमचं वेळापत्रक एकमेकांवर चढतं. निमंत्रण क्लायंटच्या टाइमझोनमध्ये बनवलं तर ते आपोआप सरकतं. भारतीय वेळेत बनवलं तर आपण हजर आणि समोर कोणी नाही. कॅबचं रोस्टर त्याच आठवड्यात बदलून घ्या. नंतर वाहतूक विभाग ऐकत नाही.

एचआर-काकू: महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री 9:30 नंतर महिलांना थांबवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. बऱ्याच ठिकाणी संमतीपत्र रुजू होतानाच्या गठ्ठ्यात सही करून घेतात. ते वेगळं घ्या. आणि नकार देणारीचं अप्रेझल कोण लिहितं, तेही पाहा.