मदत हवी आहे: अकरा ते पाचच्या उन्हात अडीच वर्षांच्या मुलाला घरात काय खेळायला देऊ?

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, चौथा मजला, बाल्कनी पश्चिमेला. म्हणजे दुपारनंतर तिकडे पाय ठेवायची सोय नाही. मुलगा अडीच वर्षांचा, मुलगी पाच. संध्याकाळी खाली बागेत नेते पण अकरा ते पाच हा वेळ कसा काढायचा तेच कळत नाही, आणि मोबाईल द्यायचा नाहीये (देते कधीकधी, खोटं कशाला बोलू).

व्हिडिओत बघून तांदूळ रंगवून परातीत दिले होते. दहा मिनिटांत सोफ्याखाली, कुलरमध्ये, सगळीकडे तांदूळ, आणि सासूबाई म्हणाल्या अन्न असं पायाखाली तुडवायचं नसतं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं.

पण गंमत अशी की परवा त्यांनीच कुरडयांसाठी गहू भिजवले होते, तीन दिवस पाणी बदलून, वाटून, गाळून रात्रभर चीक बसायला ठेवला. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं आणि त्या हिंग आणायला आत गेल्या तेवढ्यात साहेबांनी कोपरापर्यंत हात पातेल्यात. मूठ आवळली की चीक दगडासारखा घट्ट, सोडली की बोटांतून ओघळतोय, आणि हा आ वासून बघतोय. ओरडायच्या ऐवजी सासूबाईंनी वाटीभर चीक त्याला वेगळा काढून दिला, पाऊण तास आवाज नाही घरात! उरलेल्याच्या कुरडया झाल्या, जरा कमी.

तर असं अजून काय देता येईल? अटी: धाकटा सगळं तोंडात घालतो, सोसायटीत पाणी एकदाच येतं त्यामुळे टबभर पाणी रोज नको, आणि अन्नाची नासाडी कमीत कमी. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी पण आणलेत, अजून पाकीट फोडलं नाही, देऊ का?

प्रतिसाद:
ताई, ते मणी आधी घराबाहेर काढा. गिळले तर आतड्यात जाऊन फुगतात, आतडं बंद होऊ शकतं आणि एक्सरेमध्ये बहुतेक वेळा दिसतही नाहीत. त्याऐवजी सब्जा द्या, फालुद्यातला. चमचाभर बी भांडंभर पाण्यात, पंधरा-वीस मिनिटांत बुळबुळीत होतं. कोरडा मात्र हातात देऊ नका, नीट भिजल्यावरच.
चिकासारखंच कॉर्नफ्लॉवरचं होतं, दोन वाट्या पीठ आणि अंदाजे एक वाटी पाणी. फक्त बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात बसतं, आमचा प्लंबर दोनदा येऊन गेलाय.
वाटीत जास्वंदीच्या पाकळ्या टाकून बर्फ लावा, रात्री करून ठेवायचा. बाथरूममध्ये ताटात तो गोळा द्या, वरून कोमट पाणी चमच्याने सोडायचं, आतली पाकळी सुटेपर्यंत माझी लेक हलत नाही. पाणी नंतर कुंड्यांना. आणि पाणी वीतभर असलं तरी पोराजवळून उठायचं नाही, दाराची बेल वाजली तर त्याला कडेवर घेऊनच जा.

मूळ प्रश्नकर्ती:
थँक्यू ताई, मणी गेले कचऱ्यात. आज जास्वंदीचा बर्फ केला. पाकळी सुटली तशी त्याने ती तोंडात टाकली, आता मोठीला तिची वेगळी वाटी हवीये. सासूबाई विचारतायत, सब्जा खेळून झाल्यावर सरबतात चालेल का 😄