केळकर संग्रहालयाजवळ स्वस्तात कुठे राहावं? तिघं, दोन रात्री

बार्शीचा पेंटर
रामराम. मी बोर्ड रंगवणारा माणूस. म्हणजे होतो. फ्लेक्स आलं तेव्हापासून ट्रॉलीवर नावं टाकणं आणि शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहिणं, एवढंच उरलंय. पोरीला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली. आली तर पुणं दाखवीन म्हणालो होतो, आता शब्द पाळायची वेळ आलीय. तिला शनिवारवाड्याचं काही नाही. चित्रकलेच्या सरांनी डोक्यात केळकर संग्रहालय भरवलंय. वहीत यादीच केलीय तिनं: दिवे, अडकित्ते, मस्तानी महाल, चित्रकथीची म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं. तिथंच बसून स्केच करणार म्हणते. म्हणजे तासाभरात उरकणारं काम नाही.

नाताळच्या सुट्टीत मी, घरची आणि पोरगी, एसटीनं स्वारगेटला उतरणार. राहण्याला दोन रात्रींचे मिळून अडीच हजार, ओढूनताणून तीन. ॲपवर 'संग्रहालयाजवळ' टाकलं तर हिंजवडीची हॉटेलं दाखवतंय! मेव्हणा वाघोलीला असतो. तो म्हणतो, घर असताना लॉजला पैसे कशाला घालता. त्याला दुखवायचंही नाही. काय करावं?

शुक्रवारातली
दादा, मेव्हण्याकडे जेवायला जा, मुक्कामाला नको. नगर रस्त्याची गर्दी धरली तर वाघोलीहून येण्या-जाण्यात रोजचे तीन तास जातील आणि मुलगी संग्रहालयात पोचेल ती पेंगतच.

संग्रहालय नातूबागेत, बाजीराव रस्त्याला लागून. तुम्ही शनिपार ते टिळक रस्ता या पट्ट्यात खोली बघा. इथले जुने लॉज बरेचसे ॲपवर नसतात. खाली कापडाचं किंवा भांड्यांचं दुकान, बाजूला अंधारा जिना आणि पहिल्या मजल्यावर टेबल टाकून बसलेले काका. दिसायला यथातथाच, पण अशा ठिकाणी हजार-बाराशेत खोली आणि वर गादीचे पैसे, असं जमतं. स्वारगेटहून मेट्रोनं मंडई हे पुढचंच स्टेशन आहे. सामान कमी असेल तर सरळ चालत या.

या भागात राहण्याचा खरा फायदा पैशांचा नाहीच. संग्रहालय दहाला उघडतं. पण मुलीला सात वाजता मंडईसमोर नेऊन बसवा. 1886 सालची इमारत आहे, आठ कोनांची, मधोमध मनोरा, आणि खाली भाज्यांचे ढीग लागत असतात. फुकटात यापेक्षा चांगलं स्केचिंग पुण्यात नाही. तिथून विश्रामबागवाडा चालत पाच-सात मिनिटांवर, त्याचं दर्शनी लाकूडकाम रस्त्यावरूनही दिसतं. दुपारी पाय दुखले की खोलीवर येऊन पडायचं आणि परत जायचं. लांब राहिलं की हे जमत नाही.

आणि केळकर एका दिवसात संपवायला जाऊ नका. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते उभं केलं. वस्तू 20 हजारांच्या वर आहेत, मांडलेला त्यातला थोडाच भाग. तरी डोकं गरगरतं. मस्तानी महाल कोथरूडहून उचलून आणून तिथं पुन्हा उभा केलाय, तो शांतपणे बघावा. स्केच करू देतात का, ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. पेन्सिल आणा, पाण्याचे रंग घरीच ठेवा.

परभणी ते पुणे
मी सहा वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन काढली. गावाकडून कोणी आलं की लॉज शोधायचं काम माझ्याकडे. एक सांगतो, फोनवर भाडं विचारण्याआधी चेक-आऊट विचारा. काहींचं 24 तासांचं असतं, काहींचं दुपारी बाराचं. रात्रीच्या एसटीनं पहाटे पाचला उतरलात आणि बाराचं असेल, तर सात तासांपायी एक रात्र जास्त मोजाल. मग स्वस्त खोली महागात.

गादी उचलून शिवणीत बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनला आणलं होतं, तेव्हा एका लॉजवर मी संकोचापोटी बघितलं नाही. रात्रभर वडील एका डोळ्यानं ढेकूण मारत होते. तिघांचीही आधार कार्डं मूळ आणा, मुलीचंसुद्धा. त्या रविवारी स्पर्धा परीक्षेचा पेपर नाही ना, तेही बघा. असला की पेठेत खोली मिळत नाही.

मुलीला पुढं कलेकडेच जायचं असेल, तर टिळक रस्त्यावर अभिनव कला महाविद्यालय आहे. केळकरपासून चालत जाता येईल. सुट्टीत आत सोडतील की नाही कोण जाणे, पण फाटक तरी बघून जाऊ दे.

स्टेशनवाला
पुणे स्टेशनची रिटायरिंग रूम कोणी सांगितली नाही. स्वस्त, स्वच्छ, ऑनलाइन बुक होते. आदिवासी संग्रहालय तिथून जवळ आहे, क्वीन्स गार्डनला. वारली चित्रं बघायला मिळतील.

शुक्रवारातली
रिटायरिंग रूमला रेल्वेच्या तिकिटावरचा पीएनआर नंबर लागतो. ते एसटीनं येतायत. पण आदिवासी संग्रहालय मात्र खरंच बघा, तिथं शाळांच्या सहली फारशा नसतात.

बार्शीचा पेंटर
जाऊन आलो, म्हणून लिहितोय. शनिपारजवळच खोली मिळाली. 1,250 आणि गादीचे 150, चेक-आऊट 24 तासांचं. गादी उचलून बघितली तेव्हा काका म्हणाले, "बघा बघा, दुसरीकडं असतात." घरचीला जिन्याची भीती वाटली, बाकी तक्रार नाही.

पोरगी पहिल्या दिवशी दिव्यांपाशीच बसली. एका समईला दीड तास. मी तोवर बाहेर पडून लक्ष्मी रस्त्याला दोन हाती रंगवलेले बोर्ड शोधले. एकाचा 'श्री' असा होता की तिथंच उभा राहिलो, दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आहे. दुसऱ्या दिवशी चित्रकथीची चित्रं. तिथं मीच पुढं, पोरगी मागं. एवढ्या जाड रेषेत एवढा राग दाखवायचा, हे काम सोपं नाही.

आदिवासी संग्रहालय राहिलं. अडकित्तेपण राहिले. मेव्हण्याला खरं ते सांगितलं, की पोरीला सकाळी मंडईसमोर बसायचंय. तो गाडी घेऊन स्वतःच आला, जेवायला नेलं आणि रात्री साडेअकराला परत आणून सोडलं. येताना दोन तास लागले, तेव्हा कुठं त्याला पटलं.