घानातील महिनाभराच्या सेवाकार्यासाठी कोल्हापुरातून तयारी कशी करावी?

राजारामपुरीकर

नमस्कार. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत हिशेबप्रणालीचे काम करते आणि सध्या ते कोल्हापुरातून, घरूनच चालते. कंपनीच्या आंतरराष्ट्रीय सेवा उपक्रमात माझी निवड झाली असून, तीन महिन्यांनी निरनिराळ्या देशांतील अकरा सहकाऱ्यांबरोबर मला चार आठवडे घानातील कुमासी येथे राहायचे आहे. तेथील कोको उत्पादकांच्या एका सहकारी संस्थेचा खरेदीचा हिशेब सुटसुटीत करून देणे, हे आमच्या गटाचे काम आहे. पगार चालू राहील, प्रवास आणि निवास कंपनी पाहील.

लसी कोणत्या घ्याव्यात आणि शाकाहारी माणसाने तेथे काय खावे, हे मला विचारायचे आहेच. आईची सगळी काळजी तेवढ्यावरच आहे. माझी काळजी मात्र वेगळी आहे. ज्या पिकाचे झाडही मी पाहिलेले नाही, ते पिकवणाऱ्यांच्या उपयोगी मी चार आठवड्यांत कशी पडणार? हे तीन महिने कशात घालवावेत?

करवीरकर

ताई, मी काही वर्षांपूर्वी माझ्या कंपनीतर्फे कुमासीजवळच अशा कामासाठी गेलो होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आयबीएमने २००८ मध्ये असा उपक्रम सुरू केला, तेव्हा तीन महिने तयारी आणि एक महिना प्रत्यक्ष काम अशी त्याची रचना होती. आमचीही तशीच होती. ते तीन महिने आम्ही संगणकावरचा आराखडा बनवण्यात घालवले आणि तिथेच चुकलो. आम्ही केलेली प्रणाली चांगली होती, परंतु गावात कोको मोजून घेणारा कारकून ज्या वहीत नोंद करतो, ती वही आम्ही तेथे पोहोचल्यानंतर पहिल्यांदा पाहिली. आम्ही परतल्यावर दोन महिन्यांत सगळे पुन्हा वहीवर आले. त्या लोकांचा आमच्यावर गेलेला वेळ आजही माझ्या मनाला लागून आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की आधी एखाद्या खेड्यातील दूध संस्थेत चार-पाच दिवस पहाटे जाऊन बसा. गोकुळ दूध संघाची स्थापना १९६३ ची. आपल्या जिल्ह्यात दुधाचा हिशेब शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचवण्याचा अनुभव इतका जुना आहे आणि आपण शहरातली मुले त्याकडे कधी पाहत नाही. फॅट कशी लागते, चिठ्ठी कोण वाचून दाखवतो, दहा दिवसांच्या बिलात कपात दिसली की म्हातारी कोणाला जाब विचारते, हे पाहून ठेवा.

कोकोचेही असेच आहे. शेंग फोडून काढलेल्या ओल्या बिया केळीच्या पानांत झाकून सुमारे सहा दिवस आंबवतात, मग चटयांवर उन्हात वाळवतात आणि त्यानंतर त्या काट्यावर येतात. कोकोचा दर सरकार हंगामासाठी ६४ किलोच्या पोत्यामागे जाहीर करते आणि १९४७ साली स्थापन झालेल्या कोको मंडळाच्या परवान्यावर खरेदी होते. उसाच्या एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराची, चर्चा ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. दर ठरलेला असला, तरी वजनाबद्दलची शंका तिथेही आहे. आपल्याकडे जिला काटामारी म्हणतात, तीच. तुमच्या प्रणालीने हंगामाचा सुंदर तक्ता काढला आणि पोत्याचे वजन शेतकऱ्याला त्याच्यासमोर सांगितले नाही, तर त्याच्या दृष्टीने काहीच बदलले नाही.

कामाच्या करारात दोन गोष्टी आत्ताच लिहून घ्या: काम लहान ठेवायचे आणि तुम्ही निघाल्यानंतर ते सांभाळणारी व्यक्ती पहिल्या दिवसापासून तुमच्याबरोबर बसेल. आपले दुपारचे अडीच म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ, त्यामुळे दर आठवड्याला बोलणे सहज जमते.

रीतीभातीही सांगतो. देणे-घेणे उजव्या हातानेच करा. आपल्या आजीनेही हेच शिकवलेले असते. कामाचे बोलण्याआधी प्रत्येकाची विचारपूस करा. कुमासीत ट्वी भाषा चालते. तिच्यात ‘मेदासे’ म्हणजे आभारी आहे. तुमचा जन्मवार कोणता, हे लोक हमखास विचारतील, कारण तेथे वारावरून नाव ठेवतात. १९३८ साली कुमासीत जन्मलेल्या कोफी अन्नान यांच्या नावातील ‘कोफी’ म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा.

पंचगंगाकाठ

मी डॉक्टर आहे, त्यामुळे औषधांपुरते लिहिते. घानात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि परतताना आपल्याकडेही ते तपासतात. नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस केवळ अधिकृत केंद्रावर मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते, पुढे मात्र आयुष्यभर चालते. लस जिवंत विषाणूची असल्याने अंड्याची ॲलर्जी, गर्भारपण किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर आधी स्पष्ट सांगावे.

हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही घ्यायच्या असतात, काही सात दिवस तर काही चार आठवडे. घरी आल्यावर बरे वाटते म्हणून त्या मध्येच सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. नंतर कधीही ताप आला, तर घानात होतो, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

जेवणाबाबत आईंना सांगा, की चवळीची पामतेलातली भाजी आणि तळलेली केळी तेथे सर्रास मिळतात, शेंगदाण्याचे सूपही असते. मात्र सुक्या माशाची पूड भाजीत घालण्याची पद्धत असल्याने प्रत्येक वेळी विचारून घ्यावे लागेल. कांदा-लसूण चटणीची पुडी सोबत असूद्या.

राजारामपुरीकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. लसीची वेळ ठरवली. करवीरकर यांनी सुचवल्याप्रमाणे गेल्या आठवड्यात मी कागल तालुक्यातील मामांच्या गावी राहून चार दिवस पहाटे दूध संस्थेत बसले. तेथे यंत्र चिठ्ठी छापते, तरीही सचिव प्रत्येक नोंद हाताने रजिस्टरमध्ये लिहितात. कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “चिठ्ठी हरवते, आणि वीज गेली की यंत्र बंद. भांडण झाले, तर लोक माझी वही मागतात.”

काल कुमासीच्या संस्थेशी बोलताना मी आमचा आराखडा दाखवला नाही, त्यांच्या वहीच्या एका पानाचे छायाचित्र मागितले. ते आज आले आहे. नाव, पोती, वजन, रक्कम आणि अंगठा असे रकाने आहेत. त्यापुढे पेन्सिलने ओढलेला एक रकाना आहे, त्याला मथळा नाही. तो कशासाठी आहे, हे पुढच्या बोलण्यात सर्वांत आधी विचारणार आहे.