मदत हवी आहे: गोव्यातल्या मांडवी नदीतून तीन दिवस कयाक, मुक्काम कुठे?

नोव्हेंबरात वळवईहून आमोणे, दिवाडीमार्गे रायबंदरपर्यंत जायचंय. चौघे, दोन दुहेरी कयाक, सगळ्यांना लाइफ जॅकेट, माणशी रोज ४ लिटर पाणी. मगरींमुळे कुंभारजुव्याचा कालवा आधीच वगळला. ओहोटीबरोबर निघायचं, भरतीला थांबायचं, एवढं ठरलंय. पण हाताशी भरतीचं कोष्टक पणजीचं आहे, आणि वर पाणी उशिरा चढतं.

एक दिवस करून पाहिलं: ओहोटीत खाजनाच्या (नदीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन) बांधाखाली गुडघाभर चिखल, कयाक ओढताच येईना. मानशीजवळ (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) तर पाण्याला ओढ इतकी की लांबूनच जावं. बांधावर तंबू नको, शेतकऱ्यांना त्रास.

वळवईला भरती पणजीपेक्षा किती उशिरा येते? आणि आमोणे ते दिवाडी टप्प्यात ओहोटीतही पाय न रुतता उतरता येईल असा घट्ट काठ कुठे, आणि तिथे मुक्कामाला परवानगी कोणाला विचारायची?