घरच्यांशी विश्वासाबद्दल बोलताना: तुमचे अनुभव लिहा

अनोळखी माणसासमोर साक्ष द्यायला, म्हणजे येशूवरच्या माझ्या विश्वासाबद्दल बोलायला, मी कधी कचरलो नाही. सख्ख्या भावासमोर मात्र जीभ टाळूला चिकटते. येशूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान ७:५), हे वाचून धीर येतो, पण माझा प्रश्न तिथेच राहतो. तुमच्या घरी काय झालं ते लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा. फसलेलं आधी.

*

मग माझ्यापासूनच सुरुवात. बाप्तिस्म्यानंतरचे सहा महिने मी घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांनी पेपर उघडायच्या आत मी बायबल उघडायचो. एकदा ते शांतपणे म्हणाले, "तुझा देव समोरच्याला बोलू देतो का रे?" त्यानंतर वर्षभर विषय बंद. पुढे १ पेत्र ३:१५ नीट वाचलं. आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, तेही सौम्यपणे, असं आहे तिथे. मला कोणी विचारलंच नव्हतं.

*

नवरा देव मानत नाही. मंडळीतल्या बायका मला १ पेत्र ३:१ ऐकवायच्या: शब्दांवाचून, वर्तनाने जिंक. चौदा वर्षं 'वर्तन' करून मी दमले. एका रविवारी तो म्हणाला, "उपासनेहून आलीस की तू माझ्यावर जास्त चिडतेस." खरं होतं ते. त्याला तिथे शेजारी बसलेला पाहायचा असायचा मला, आणि रिकाम्या खुर्चीचा राग घरी निघायचा. मी माफी मागितली. पौल करिंथकरांना लिहितो, अविश्वासी जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नका. आणि पुढे विचारतो, तू नवऱ्याला तारशील हे तुला काय ठाऊक? (१ करिंथ ७:१६) मला ठाऊक नाही. हे एकदा मान्य केलं आणि घरात जरा मोकळा श्वास घेता आला. तो आजही येत नाही. "आज काय सांगितलं?" एवढं विचारतो, आणि मी दोन वाक्यांत आटोपते.

*

गप्प राहण्याचं कौतुक जरा आवरा, ही विनंती. बहीण शेवटच्या आजारात होती. रात्री तिने विचारलं, "तुला मरणाची भीती नाही वाटत?" मी म्हणालो, "बरी होशील गं," आणि उशी नीट करू लागलो. कोणी विचारावं म्हणून मी वर्षानुवर्षं थांबलो होतो. विचारलं त्या रात्री पळालो. तिने पुन्हा विचारलं नाही.

*

मुलगा अविश्वासी म्हटलं की सगळे संत ऑगस्टिनच्या आईचे, मुलासाठी रडत प्रार्थना करणाऱ्या मोनिकाचे अश्रू सांगतात. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा ३८७ साली मिलानला तिथल्या बिशप अँब्रोजच्या हातून झाला आणि त्याच वर्षी ती वारली. मला त्या गोष्टीतला दुसराच एक बिशप आवडतो. माझ्या मुलाशी वाद घाला म्हणून ती त्याच्या मागे लागली होती. त्याने साफ नकार दिला. त्याला राहू दे, प्रार्थना कर, वाचता वाचता त्यालाच कळेल, म्हणाला. मी मुलाला रोज सकाळी मोबाइलवर वचन पाठवायचे. दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. शेवटी थांबवलं. तिसऱ्या आठवड्यात मेसेज आला: "आई, बरी आहेस ना? वचन नाही आलं." आता "झोप झाली का?" एवढंच पाठवते. कधीकधी तोच चेष्टेने वचन मागतो. चेष्टा तर चेष्टा, मी पाठवते.

*

मी पलीकडचा. बहीण ख्रिस्ती, मी नाही. ताई माझ्यासाठी प्रार्थना करते याचं मला काही नाही. पण जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन "याचे डोळे उघड" नको. त्या वेळी टेबलावर डोळे उघडे असलेला मी एकटाच असतो. बाकी एकटीने करायची तेवढी करू दे. मुलाखतीच्या दिवशी तर मीच तिला आठवण केली होती.