हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल: कोणतं काडतूस घ्यावं?

नमस्कार मंडळी,

शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स झाला, परवानाही हातात आला. येत्या मोसमात हरणासाठी जायचं ठरलंय. बरोबरचे मित्र .३०० विंचेस्टर मॅग्नमच घे म्हणतात, म्हणजे पुढे मोठ्या जनावरामागे जायचं झालं तरी दुसरी रायफल घ्यायला नको. माझी अंगकाठी बारीक आहे आणि .२२ सोडून दुसरं काही मी फारसं चालवलेलं नाही. जंगल दाट आहे, दीडशे यार्डांपलीकडचं दिसणारही नाही. .२४३, .३०८, ६.५ क्रीडमूर ही नावं ऐकून गोंधळ उडालाय. जाणकारांनी सांगावं.

– प्र. शि.

-----

अरे, मॅग्नम आधी डोक्यातून काढून टाक. हरणाला ती जास्त होते म्हणून नव्हे, तुझ्या खांद्याला जास्त होते म्हणून. सारख्याच वजनाच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा धक्का .३०८च्या पावणेदोनपटीच्या आसपास जातो. नवख्या माणसाला तो चारदोन वेळा बसला की शरीर आपलं आपण सावध होतं. चाप दाबला जायच्या आतच डोळे मिटतात, खांदा आखडतो.

हे रेंजवर डोळ्यांनी बघता येतं. जोडीदाराला खऱ्या काडतुसांमध्ये एखादं डमी, म्हणजे दारू नसलेलं, मिसळून रायफल भरायला सांग, आणि ते कितवं आहे हे त्याने तुला कळू द्यायचं नाही. डमीची पाळी आली की नुसता ‘टक्’ आवाज होतो, आणि बिचकणाऱ्या माणसाच्या रायफलीची नळी त्याच क्षणी झपकन खाली जाते. खऱ्या बारातही ती तशीच जात असते, फक्त धक्क्यात लपून जाते. रेंजवर याने कागदावरचं भोक सरकतं. जंगलात छातीची गोळी पोटात जाते. पोटात लागलेलं हरीण तासन्‌तास तडफडत राहतं, झुडपात शिरून बसतं आणि पुष्कळदा सापडतच नाही. माझ्या मते काडतूस निवडताना हा विचार सगळ्यांत आधी यायला हवा, बाकीचं सगळं त्यानंतर.

हरणाच्या हृदय-फुफ्फुसांची जागा साधारण आठ इंचांची धर. त्या मापाची कागदी थाळी लाव. बाकावर रायफल टेकवून नव्हे. बसून, गुडघ्यावर, झाडाच्या आधाराने, जंगलात मारशील तसे बार काढ. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी थाळीत बसते, तेवढीच तुझी हद्द, मग काडतूस कितीही लांबचं का असेना.

तुझ्यासाठी मी .२४३ विंचेस्टर सुचवीन. (या नावांतला आकडा म्हणजे गोळीचा साधारण व्यास, इंचांत किंवा मिलिमीटरमध्ये.) .३०८ आलं १९५२ साली. त्याच काडतुसाची मान बारीक करून १९५५ साली हे निघालं. १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साडेएकोणतीसशे फुटांच्या आसपास वेगाने सुटते आणि धक्का .३०८च्या निम्म्याहून थोडासाच जास्त. दीडशे यार्डांत हरणाला एवढं पुरतं. डबा घेताना मात्र ९५ किंवा १०० ग्रेनचाच घे. याच काडतुसात ५५ ते ७५ ग्रेनच्या हलक्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच लहान उपद्रवी प्राण्यांसाठी केलेल्या असतात. त्या कातडीखालीच फुटतात, आत पोचत नाहीत. लष्करी धर्तीची पूर्ण आवरणाची गोळी तर नकोच. ती न फुलता सुईसारखी आरपार जाते, आणि शिकारीसाठी पुष्कळ ठिकाणी तिला बंदीच आहे.

– व. गो.

-----

काका, धक्क्याबद्दल तुमचं अगदी पटलं. पण .२४३ नवख्याच्या हातात द्यायला माझं मन धजत नाही. हरीण बरोबर आडवं उभं असेल आणि गोळी पुढच्या पायामागे बसली, तर प्रश्नच नाही. पण ते दरवेळी तसं उभं राहत नाही. तिरकं उभं असताना गोळी खांद्याच्या हाडातून गेली, तर १०० ग्रेनमध्ये फारशी शिल्लक राहत नाही. कधी ती पलीकडून बाहेरच पडत नाही, मग रक्त कमी सांडतं. फुफ्फुसात नीट लागलेलं हरीणसुद्धा पन्नास-शंभर यार्ड धावतं. दाट रानात तेवढाही माग काढणं नवख्याला जड जातं.

त्यापेक्षा ७ एमएम-०८ रेमिंग्टन किंवा ६.५ क्रीडमूर घ्यावं. ७ एमएम-०८ही .३०८च्याच कुळातलं, १९८० सालचं. १४० ग्रेनची गोळी सेकंदाला २८०० फुटांच्या आसपास. क्रीडमूर २००७ सालचं, मुळात नेमबाजीच्या स्पर्धांसाठी काढलेलं. त्याची १४० ग्रेनच्या आसपासची गोळी सुमारे २७०० फुटांनी जाते, आणि बारीक व लांबट असल्यामुळे खोल शिरते. दोन्हींचा धक्का .२४३पेक्षा जास्त, .३०८पेक्षा कमी. चाळीस ग्रेन जास्त हाताशी असले की तिरक्या नेमालाही थोडी सवड राहते.

कुळ एक असलं की डब्यांची गल्लत होण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का दरवेळी ताडून बघायचा.

– मे. रा.

-----

ताईंचा तिरक्या हरणाचा मुद्दा खरा आहे. माझं म्हणणं असं, की नवख्याने तिरक्या हरणावर बार काढूच नये, ते वळेपर्यंत थांबावं. पण तेवढा धीर पहिल्याच मोसमात अंगी येत नाही हेही खरं, तेव्हा ७ एमएम-०८ला माझी हरकत नाही.

मात्र काडतुसाच्या चर्चेत रायफल बाजूलाच राहिली. हलकी रायफल खांद्यावर वागवायला बरी, पण धक्का वजनाच्या उलट चालतो. आठ पौंडांऐवजी सहा पौंडांची घेतलीस, तर त्याच काडतुसाचा धक्का एक तृतीयांशाने वाढतो. म्हणजे काडतूस बदलून कमावलेलं सगळं हलक्या रायफलीत घालवायचं. दुर्बिणीसकट साडेसात-आठ पौंड भरेल अशी बोल्टची, म्हणजे दर बाराला हाताने खिट्टी ओढून भरायची, रायफल बघ. खरेदीला जाताना शिकारीचं जाड जाकीट घालून जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव आणि उघड. मान न ताणता दुर्बिणीतलं पूर्ण वर्तुळ दिसलं तर दस्ता तुझ्या मापाचा. कडेला काळी सावली दिसली तर दस्ता लांब किंवा आखूड आहे, नाहीतर दुर्बीण पुढे-मागे सरकवायला हवी.

आणि घ्यायच्या आधी तू जिथे शिकार करणार तिथला कायदा वाच. इंग्लंडमध्ये मोठ्या जातीच्या हरणांसाठी किमान .२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंड ऊर्जा लागते, काही ठिकाणी तर रायफलच चालत नाही.

– व. गो.

-----

काका, ताई, मनापासून आभार. ७ एमएम-०८ नक्की करतोय. आता एकच शंका: गोळी शिशाची की तांब्याची? मांस घरी लहान मुलंही खाणार आहेत.

– प्र. शि.

-----

मग तांब्याचीच घे. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसतात, पण सुरीला लागत नाहीत. कॅलिफोर्नियात तर २०१९पासून सगळ्याच शिकारीला शिसं बंद आहे.

तांबं कडक, त्यामुळे ते फुलायला वेग लागतो. म्हणून वजन थोडं उतरवायचं: ७ एमएम-०८मध्ये १४०ऐवजी १२० ग्रेनची गोळी चालेल. तांब्याच्या गोळीचं वजन बहुतेक शेवटपर्यंत टिकतं, त्यामुळे हलकी असली तरी ती खोल जाते.

डबा बदलला की नेम पुन्हा लावून घ्यायचा, कारण तीच रायफल दुसरी गोळी दुसरीकडेच टाकते. सरावाला आणि शिकारीला एकाच बनावटीचे डबे घे, आणि मोसम सुरू व्हायच्या बरंच आधी घेऊन ठेव. ऐन वेळी नेमकी तीच गोळी मिळत नाही.

– मे. रा.