विषय: डिसेंबरचा पिक्चर – दुसरा भाग नको रे बाबा

सौरभ आणि मंडळी, नमस्कार.

मोठ्यांच्या पिक्चरसाठी ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’ या अमेरिकी भयपटाचा दुसरा भाग (१९८७) सुचवलेला पाहिला. माझा विरोध रक्ताला नाही, फसवणुकीला आहे. दीड तासाचा सिनेमा, त्यातला जवळजवळ अर्धा म्हणजे पहिल्याच भागातले प्रसंग! रिकी वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टरसमोर बसून थोरल्या भावाची, बिलीची कहाणी सांगतो, टेपरेकॉर्डर फिरत राहतो आणि आपण १९८४ चा पिक्चर परत बघतो. मालिकेतलं ‘मागील भागात’ संपतच नाही, तसं.

त्यात गंमत बघा. सांताच्या वेशातला माणूस आईवडिलांना मारतो तेव्हा हा रिकी गाडीत तान्हं बाळ. बिली खेळण्यांच्या दुकानात खून पाडतो तेव्हा हा तिथे नाहीच. तरी सगळं बारीकसारीक आठवतंय! डॉक्टरलाही प्रश्न पडत नाही. शेवटी त्याच टेपने त्याचा गळा आवळला जातो, तेव्हा वाईटही वाटलं नाही.

– विनायककाका

*

काका,

तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण त्यामागचं कारण ऐका. पहिला भाग ९ नोव्हेंबर १९८४ ला लागला, ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’च्याच दिवशी, आणि पहिल्या वीकेंडला गल्ल्यात त्याच्या पुढे होता. पण टीव्हीवरच्या जाहिरातीत कुऱ्हाडवाला सांता दिसल्यावर पालक खवळले, थिएटरबाहेर फलक घेऊन उभे राहिले. वितरक कंपनी ट्रायस्टारने आधी जाहिराती थांबवल्या, मग पिक्चरच काढून घेतला. म्हणजे पुष्कळांनी तो पाहिलाच नव्हता. निर्मात्यांना तर जुनंच फुटेज नव्याने कापून विकायचं होतं. थोडं नवीन चित्रीकरण करू द्या म्हणून दिग्दर्शक ली हॅरीने त्यांना पटवलं.

आणि ते नवीन जे आहे ना, ते धमाल आहे. वसुलीवाल्याच्या पोटातून छत्री आरपार जाते आणि पाठीमागे उघडते! मग तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आलेला बिचारा माणूस. रिकी भुवया उडवत ‘गार्बेज डे!’ ओरडतो आणि गोळी घालतो. यूट्यूबवर लोकांनी तो तुकडा डोक्यावर घेतला, तो उगाच नाही.

– सौरभ

*

सौरभ,

तुकडा धमाल, पिक्चर नाही. रिकी झालेल्या एरिक फ्रीमनच्या भुवयांवर अख्खी संध्याकाळ कशी काढायची? पहिल्या भागात निदान बिलीचं बालपण आहे, अनाथाश्रमातली ती कडक मदर सुपीरियर आहे. पोराला बळजबरीने सांताचा ड्रेस चढवतात तेव्हा पोटात गोळा येतो. दुसऱ्यात तेच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी येतात आणि भीती पार जाते.

– वि.का.

*

काका, सौरभ,

दोघांचं वाचलं. पहिला भाग पूर्ण लावू या, मध्यंतरात चहा-वड्याबरोबर सौरभचा कचऱ्याचा तुकडा. पुढच्या भागांचं कुणी नावही काढू नका. पाचव्यात (१९९१) हॉलिवूडचे नट मिकी रूनी आहेत, ज्यांनी पहिल्यावर सडकून टीका केली होती. यावर काका आणखी दोन पानं लिहितील.

त्याच दुपारी मुलांची नाताळ पार्टी आहे. सांता होणाऱ्यांनी ड्रेस बदलूनच हॉलमध्ये यावं. आणि वड्यांसाठी नावं गुरुवारपर्यंत कळवा.

– मृणालताई